पंचाचे बंधन

ज्या खेळात फासे नसतात, पत्त्यांचा योगायोग नसतो आणि हार-जीत केवळ वाटाघाटींवर, दिलेल्या व मोडलेल्या शब्दांवर ठरते, त्याला सामाजिक डावपेचांचा खेळ म्हणता येईल. दिमित्री दाविदोव या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९८६ साली मॉस्कोच्या विद्यापीठात रचलेला 'माफिया' हा त्यांतील बहुधा सर्वांत परिचित. त्यात मोजक्या खेळाडूंना आपले साथीदार कोण हे ठाऊक असते, उरलेल्या बहुसंख्यांना काहीच ठाऊक नसते; 'रात्री' ते मोजके जण गुपचूप एकाला बाद करतात आणि 'दिवसा' सर्व जण मिळून, चर्चा करून, मतदानाने एका संशयिताला बाहेर काढतात. समोरासमोर बसून तासाभरात संपणारा हा डाव इंटरनेटवर मांडला की एकेक फेरी दोन-तीन दिवस चालते, पूर्ण खेळ कित्येक आठवडे लांबतो, आणि मग खेळाडूंइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, खेळ चालवणारा पंच महत्त्वाचा ठरतो.

ही लांबण इंटरनेटने आणली असे नाही. अ‍ॅलन कॅल्हॅमर यांचा 'डिप्लोमसी' हा १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला खेळ, ज्यात पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातील सात सत्ता एकमेकींशी करार करतात आणि मोडतात, तो १९६३ पासून जॉन बोर्डमन यांच्या पुढाकाराने टपालाने खेळला जाऊ लागला. प्रत्येक खेळाडू आपल्या सैन्याच्या हालचालींचे हुकूम पंचाकडे पाठवी, पंच ते सारे एकत्र लावून नियमांनुसार निकाल काढी आणि छापून सर्वांना कळवी. या व्यवस्थेत पंचाला सगळ्यांची गुपिते कळतात, परंतु त्यांतले अक्षरही त्याला वापरता येत नाही. विश्वासघात हाच ज्याचा कायदेशीर डाव आहे असा खेळ सुसह्य होतो तो एक माणूस विश्वासघात करणार नाही याची सर्वांना खात्री असते म्हणून, आणि तो माणूस पंच असतो.

दीर्घ खेळाची खरी हानी कपटाने होत नाही, गैरहजेरीने होते. कोणी मुदतीत मत दिले नाही तर त्याचे मौन अपराधाची खूण म्हणून वाचले जाते, आणि एका निष्क्रिय खेळाडूमुळे इतरांचे आठवड्यांचे विचार वाया जातात. म्हणून फेरीची मुदत, ती वाढवण्याची अट आणि गळालेल्याची भूमिका जशीच्या तशी पुढे चालवणारा बदली खेळाडू, या तिन्ही गोष्टी खेळापूर्वीच लिहून जाहीर करणे हे पंचाचे पहिले काम. ही मुदत ठरवताना, उदाहरणार्थ बीड जिल्ह्यात असा खेळ मांडू पाहणाऱ्याला, तेथील पंचांग विचारात घ्यावेच लागेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावरच परततात. पती-पत्नीच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात, आणि मोळ्या बांधून गाडी भरल्यावर कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) परतलेल्या तरुणाच्या हाती फोन येतो तो रात्री उशिरा, चार्जिंग असेल तर. चोवीस तासांची फेरी शहरी खेळाडूला संथ वाटेल, या तरुणाला मात्र ती खेळाबाहेर ढकलते. फेरीची लांबी सर्वांत कमी सवड असलेल्याच्या हिशेबाने ठरवणे हा न्यायाचाच भाग आहे.

मोठा, नियमबद्ध आणि कित्येक दिवस चालणारा डाव या जिल्ह्याने प्रत्यक्ष पाहिलेला आहे. पाणी फाउंडेशनची सत्यमेव जयते वॉटर कप ही गावागावांतील जलसंधारणाची स्पर्धा २०१६ साली ज्या तीन तालुक्यांत प्रथम झाली, त्यांत वरूड आणि कोरेगाव यांच्यासोबत अंबाजोगाई होता. त्याच उन्हाळ्यात केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते. ही स्पर्धा कपटाची नव्हती, परंतु तिचा गाभा डावपेचांचाच होता: भावकी आणि राजकीय गट यांत विभागलेल्या गावाला ठरावीक दिवसांपुरते एका बाजूला आणणे, आणि तेही प्रतिस्पर्धी शेजारच्या गावात असताना. आधी प्रशिक्षण, मग मुदतबंद काम, कामाप्रमाणे गुण आणि मातीच्या कामाची घनमीटरमध्ये मोजणी, अशी तिची रचना होती. 'आमच्या गावावर अन्याय झाला' या तक्रारीला मोजपट्टीने उत्तर देता येते, पंचाच्या मर्जीने नाही, हे अशा रचनेतून उघड दिसते.

बाद करण्याच्या खेळात मोजपट्टी नसते, संशयच असतो, आणि म्हणून बीडमध्ये पंचावरचे ओझे अधिक जड होते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनादरम्यान जिल्ह्यात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. जेथे आडनावावरून माणसाची बाजू ठरवली जाण्याची भीती खरी आहे, तेथे 'हा आपल्यातला नाही, याला काढा' हे खेळातले वाक्य खेळाबाहेर सहज सांडते. यावर खेळच नको असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण पुराव्यावाचून संशय घेतला की निरपराध माणूस कसा बाद होतो हे 'माफिया' इतके स्पष्ट क्वचितच कशातून शिकता येते. मात्र खेळाडूंनी टोपणनावांनी खेळावे, गाव, जात किंवा पक्ष यांच्या आधारे केलेला आरोप खेळातही अमान्य ठरावा, आणि इंटरनेट बंद पडल्यास घड्याळही थांबावे, हे नियम पंचाने पहिल्या फेरीआधी मांडले पाहिजेत. असे नियम मोडणाऱ्याला, तो कितीही कुशल असो वा पंचाचा स्वतःचा भाऊ असो, त्याच फेरीत बाहेर काढण्याची तयारीही हवी.

खेळ संपल्यावर सर्व भूमिका, गुप्त संदेश आणि पंचाने घेतलेला प्रत्येक निर्णय खेळाडूंपुढे उघडा करण्याची प्रथा अनेक ठिकाणी पाळली जाते. ज्याला शेजाऱ्याने फसवले त्याला ती फसवणूक नियमांतच होती हे त्या नोंदींत वाचता येते, आणि ज्याला पंचावर शंका होती त्याला ती तारीखवार तपासता येते.