पंचवीस तासांचा दिवस

आम्ही बेळगावकर म्हणजे घाटावरची माणसे. समुद्र आमच्याकडे येतो तो बर्फात ठेवलेल्या बांगड्यांच्या टोपल्यांतून, आंबोलीचा नाहीतर चोर्ल्याचा घाट चढून. आणि आम्ही समुद्राकडे जातो ते गोव्याच्या किनाऱ्यावर घोटाभर पाण्यात उभे राहून फोटो काढण्यापुरते. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या लेकीने ‘जानेवारीत तुम्हा दोघांना बोटीने हवाईला नेते, चार दिवस नुसता समुद्र,’ असे फोनवर सांगितले, तेव्हा माझा पहिला प्रश्न व्यवहाराचा होता. जमीनच दिसणार नाही, तर दिवसभर करायचे काय?

‘काही नाही. तेच तर करायचंय, बाबा,’ लेक म्हणाली.

सौ. मात्र माहेरची वेंगुर्ल्याची. तिचे समुद्राशी नाते जुने. लहानपणी मुंबईला मामाकडे जायचे ते आगबोटीने. बोट खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचे, शिडीवरून वर चढायचे आणि डेकवर मिळेल त्या जागी वळकटी पसरायची. निम्म्या उतारूंना बोट लागलेली, उरलेले निम्मे त्यांना लिंबू देताहेत, असा तो प्रवास. ‘मला कधीच बोट लागली नाही,’ हे ती आजही अशा थाटात सांगते, की एखाद्याने आपली पदवी सांगावी.

२०२४ च्या जानेवारीत लॉस एंजलिसच्या सॅन पेद्रो बंदरातून आम्ही निघालो. तिथून होनोलुलू सुमारे २२०० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. बोट मोठी, एखाद्या गल्लीतली सगळी घरे एकावर एक रचावीत अशी. पण वेग ताशी पस्तीस-एक किलोमीटर. आपली वेंगुर्ल्याची एस.टी. तिला सहज मागे टाकील. पहिल्या दिवशी गार वारा होता आणि लाटा लांब, संथ, पण जोरकस होत्या. स्वेटर, कानटोपी असा आमचा सारा बेळगावी थंडीचा सरंजाम बाहेर निघाला. पुढे दिवसागणिक हवा उबदार होत गेली आणि एकेक कपडा पुन्हा बॅगेत गेला.

मला सांगायचे आहे ते तिसऱ्या दिवसाबद्दल. त्या दिवशी काहीच घडले नाही.

आदल्या रात्री केबिनमध्ये एक चिठ्ठी आली होती : आज रात्री घड्याळे एक तास मागे घ्यावीत. कॅलिफोर्निया आणि हवाई यांच्या वेळेत हिवाळ्यात दोन तासांचा फरक असतो. विमानात तो एकदम अंगावर येतो. बोट तो हप्त्याहप्त्याने देते, एका रात्री एक तास आणि पुढे दुसऱ्या रात्री दुसरा. म्हणजे तो दिवस पंचवीस तासांचा होता.

सौ. सवयीप्रमाणे पाचला उठली, तर घड्याळात चार. पलंगाच्या कडेवर बसून तिने मला हलवले आणि विचारले, ‘अहो, हा जास्तीचा तास मिळालाय त्याचं काय करतात?’

मी कूस बदलली. तिने पलंग आवरला. टॉवेलांच्या घड्या घातल्या. बेसिन पुसले. लग्नाला चाळीस वर्षे झाली. मुलांचे डबे, माझी हायस्कूलची घंटा, नंतर नऊ वर्षे अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईचे सारे काही हिने केले. त्या नऊ वर्षांत माहेरच्या लग्नाला गेली तरी संध्याकाळच्या गाडीने परत. अशा हातांना रिकामे राहायला कोण शिकवणार?

नऊच्या सुमारास केबिन आवरणारा मुलगा आला. तिशी-पस्तिशीचा, सावळा, हसतमुख. आमचे मराठी कानावर पडताच थबकला. ‘तुमी खंयचीं?’

प्रशांत महासागराच्या मधोमध कोंकणी! सौ.चा चेहरा असा उजळला, की जणू वेंगुर्ल्याचा दीपस्तंभच दिसला. ‘बेळगावचे. पण माझं माहेर वेंगुर्ल्याचं.’

‘बेळगांव? म्हजी मावशी कॅम्पांत रावता!’

पाच मिनिटांत नातेच जुळले. तो सासष्टीचा. आजोबाही तारवटीच, मुंबईत धोबीतलावला गावाच्या कुडीत मुक्काम करून बोटीची वाट पाहणारे. मग त्याची नजर आवरलेल्या पलंगाकडे गेली. ‘आंटी, तुमीं बेड केल्यार हांवें कितें करचें?’

‘अरे, हात राहत नाहीत बघ.’

‘म्हजे मांयचेय अशेच हात,’ तो म्हणाला आणि घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडून आपल्या पद्धतीने त्याचा हत्ती करून ठेवला.

सौ.ने त्याला पहाटेचाच प्रश्न विचारला. जास्तीच्या तासाचे तुम्ही काय करता? ‘निदतां,’ तो म्हणाला. झोपतो. रात्रपाळीवाल्यांचे मात्र उलटे, त्यांना तेवढे काम वाढते. आणि परतताना घड्याळ पुढे करतात तेव्हा झोपेतूनच तास कापला जातो. ‘वतना मेळटा, येतना परत दिवचें पडटा.’ जाताना मिळाले ते येताना परत करायचे. हे त्याने हसत सांगितले, तक्रार म्हणून नव्हे. आठ महिन्यांचा करार, त्यात पूर्ण सुट्टीचा असा एकही दिवस नाही.

बोटीवरच्या माणसांच्या विश्रांतीला कायदा आहे. २००६ साली झालेला आणि २०१३ पासून अमलात आलेला सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार सांगतो, की कुठल्याही चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळाली पाहिजे. ती कागदावर नोंदलीही गेली पाहिजे. मी हे सौ.ला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, ‘दहा तास? लिहून ठेवतात? बरं आहे की.’

पुढे काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून आम्ही लवकर केबिन सोडू लागलो, म्हणजे त्याचे काम लवकर आटपेल. जादा टॉवेल वापरायचा नाही, हा तिचा दुसरा नियम. हत्ती मात्र तिने मोडू दिला नाही.

दुपारी बारा वाजता कप्तानाची घोषणा झाली. पाण्याची खोली चार किलोमीटरहून जास्त. मागची जमीन आणि पुढची जमीन, दोन्ही हजार-एक मैलांवर. मी कठड्याशी गेलो. चारी बाजूंना गोल क्षितिज आणि मध्ये आपण. किनाऱ्यापासून बारा मैलांपर्यंत देशाची हद्द, दोनशे मैलांपर्यंत मासे आणि खनिजांवरचा हक्क. त्यापलीकडचे पाणी कुणाचेच नाही. १९५६ साली नकाशावर ओढलेल्या एका रेघेने ज्यांच्या घरात रोजचा वाद आणून ठेवला, त्या आमच्यासारख्यांना हे पाणी बघून जरा बरे वाटते. पण फार हुरळून जाण्यात अर्थ नव्हता. डोक्यावर बहामाचा झेंडा फडकत होता, आणि परतीच्या वाटेवर मेक्सिकोतल्या एन्सेनादाला बोट काही तास थांबणार होती. परक्या झेंड्याच्या बोटीने निव्वळ अमेरिकेतल्या बंदरांची फेरी करायची नाही, एखादे परदेशी बंदर गाठलेच पाहिजे, असा तिथला १८८६ सालचा कायदा. कागदावरची रेघ समुद्रातही माणसाचा पिच्छा सोडत नाही.

जेवणानंतर आम्ही डेकवर आरामखुर्च्या टाकून बसलो. काळ्या पायांचा एक अल्बाट्रॉस पंख न हलवता बोटीच्या मागे तरंगत होता. बाकी काही नाही. पाणी, उजेड आणि खाली इंजिनाची बारीक थरथर. सौ.ने पिशवीतून क्रोशाचे काम काढले. चार टाके घातले, समुद्राकडे पाहिले, पुन्हा चार टाके. मग म्हणाली, ‘लहानपणी बोटीवर आई झोपायची. घरी कधी झोपलेली बघितली नाही मी तिला. बोटीवर मात्र वळकटीला टेकून गाढ झोपायची. आम्हाला वाटायचं, तिला बोट लागली.’

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने पाहिले तर सुई हातात तशीच, दोऱ्याचा गुंडा मांडीवरून घरंगळून खुर्चीखाली गेलेला, चष्मा नाकावर आणि मान एका बाजूला. आजारपण सोडले तर दिवसाउजेडी झोपलेली ती मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो. गुंडा उचलला आणि माझ्या खिशात ठेवला. लेक कॉफी घेऊन आली, तिला मी बोटानेच ‘गप्प’ अशी खूण केली. आम्ही दोघे तसेच बसून राहिलो. सूर्य डावीकडून समोर आला, सावली खुर्चीवरून सरकली. जागी झाली तेव्हा तिने दचकून विचारले, ‘किती वाजले?’

‘नक्की कुणाला ठाऊक?’ मी म्हणालो. ‘आज एक तास जास्तीचा आहे.’

पुढे होनोलुलू झाले, फुलांचे हार झाले, अलास्काकडून हिवाळ्यासाठी तिथे येणारे देवमासेही दुरून दिसले. परतीच्या वाटेवर रात्री घड्याळ पुढे करण्याची चिठ्ठी आली. सौ.ने ती चष्मा लावून वाचली. ‘घेऊ देत परत,’ ती म्हणाली. ‘मी माझा घरी काढीन.’

तिने काढला. बेळगावात आमच्या घरी आता दुपारी दोन ते तीन स्वयंपाकघर बंद असते. फोन वाजला तर वाजू द्यायचा, दारावर कोणी आले तर मी बघायचे. व्हरांड्यातल्या खुर्चीवर ती बसते, कधी क्रोशा, कधी झोप, कधी दोन्ही नाही. सून पहिले काही दिवस ‘आई, बरं वाटत नाही का?’ असे विचारायची. आता रविवारी तीही शेजारी खुर्ची टाकते. तीन वाजता मी चहा टाकतो. आले किती किसायचे, यावर अजून एकमत झालेले नाही.