टँडेमचा इलेक्ट्रॉनिक गिअर आणि मागचा स्वार
टँडेम सायकलवर गिअर टाकण्याचा अधिकार पुढच्या स्वाराचा, म्हणजे कॅप्टनचा. मागचा स्वार, स्टोकर, तेवढेच पेडल मारतो. पण त्याच्या हाताशी बहुधा ना गिअर असतो ना ब्रेक. डावीकडच्या टायमिंग चेनने दोघांचे क्रँक जोडलेले असल्याने चारही पाय एकाच वेगाने फिरतात. मुख्य चेन उजवीकडून, मागच्या क्रँकवरून चाकाकडे जाते. त्यामुळे चेन एका दातेचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे दोन्ही डिरेल्युअर सायकलच्या मागच्या अर्ध्या भागात येतात.

साध्या सायकलला पुरणारी दोन मीटरची गिअर केबल इथे तोकडी पडते. तीन मीटरच्या आसपासची लागते. तेवढ्या लांबीत घर्षण वाढते, धूळ-चिखल गेला की गिअर अडखळतो आणि चेन दोन दातेचक्रांमध्ये खडखडत राहते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीत मोटर डिरेल्युअरमध्येच असते. गिअर टाकायचा शिफ्टर कितीही दूर असला तरी चेन ठरल्याइतकीच सरकते. शिमानो कंपनीचा ड्युरा-एस डीआयटू हा इलेक्ट्रॉनिक संच २००९मध्ये तारांसह बाजारात आला, स्रॅम कंपनीचा बिनतारी रेड ईटॅप २०१५मध्ये जाहीर झाला.

खरी कुरबुर मात्र मागच्या सीटवरून येते. चढावर चेनवर दोन माणसांचा जोर असतो. दोघांनी क्षणभर पाय हलके करायचे आणि मग गिअर टाकायचा, ही टँडेमची पहिली शिस्त. केबलच्या शिफ्टरची दांडी ढकलताना कॅप्टनचा हात हलतो, खटका ऐकू येतो, त्यावरून स्टोकरला कळते. इलेक्ट्रॉनिक बटणाला बोटाची हालचाल पुरते आणि मोटरचा बारीक आवाज वाऱ्यात विरतो. स्टोकर पूर्ण जोर लावून असताना पेडल एकाएकी हलके होते आणि गुडघ्याला हिसका बसतो. पुढे बसलेल्याला तो जाणवत नाही, कारण बटण त्यानेच दाबलेले असते. दृष्टिबाधित स्टोकरला तर आवाज आणि हालचाल याच दोन खुणा. नव्या सोयीने नेमक्या त्याच पुसट केल्या.

गंमत म्हणजे यावरचा उतारा इलेक्ट्रॉनिक पद्धतीतच आहे. जादा बटणे स्टोकरच्या हँडलवर बसवता येतात. पण मग हिसका कॅप्टनला बसतो! दोघांकडे बटणे असोत वा नसोत, ‘गिअर’ असे आधी तोंडाने सांगणे सुटत नाही.

गिअरच्या पल्ल्याचा हिशेबही पाहावा. पुढे ५२-३९-३० दात्यांच्या तीन चेनरिंग आणि मागे ११ ते ३४ दात्यांच्या चक्रांची कॅसेट असेल, तर सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या सुमारे ५.४ पट असतो. शिमानो आणि स्रॅमच्या रोड सायकलींच्या इलेक्ट्रॉनिक संचांत पुढे एक किंवा दोनच चेनरिंग मिळतात. एकाच चेनरिंगवर १०-५२ची कॅसेट ५.२ पट पल्ला देते. मात्र शेवटची उडी ४४वरून थेट ५२वर, म्हणजे १८ टक्क्यांची. ती दोघांच्या पायांना मानवेलच असे नाही.

बिनतारी संचात प्रत्येक डिरेल्युअरची बॅटरी वेगळी असते. ती उतरली की चेन आहे त्याच गिअरमध्ये अडकते. घाटात दोघांचे वजन घेऊन ते महागात पडते.

सपाट रस्त्यावरच्या रपेटीला चांगली केबल पुरेशी आहे. चढउताराच्या लांब प्रवासाला इलेक्ट्रॉनिक गिअर पैसे वसूल करतो. तो घेताना पसंती मात्र स्टोकरची विचारावी, आणि एक भरलेली बॅटरी सोबत ठेवावी.