आजीची मोजपट्टी

जळगावहून धुळे किती लांब? तुम्ही म्हणाल, सुमारे 90 किलोमीटर. आमची धुळ्याची आजी म्हणायची, "अडीच तास!" एरंडोल, पारोळा करत एस.टी. धुळ्याच्या स्टँडवर टेकायला तेवढा वेळ लागायचा ना, म्हणून. किलोमीटरशी तिला काही देणंघेणं नव्हतं. आणि खरं सांगू, तिचं म्हणणं काही खोटं नाही.

पाहा बरं. घरात पृथ्वीगोल असेल तर दिल्ली आणि अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरा. दोरा उत्तर ध्रुवाच्या जवळून जाईल. हे सर्वांत जवळचं अंतर, सुमारे 12,400 किलोमीटर. डिसेंबर 2015 मध्ये एअर इंडियाने या दोन शहरांमध्ये थेट विमान सुरू केलं, ते अटलांटिक महासागरावरून जायचं. अंतर सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये मात्र त्यांनी उलट दिशा धरली, पूर्वेकडे, प्रशांत महासागरावरून. अंतर वाढून 15,300 किलोमीटर झालं, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोचलं!

असं कसं? खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. मोठी विमानं त्याच उंचीवर उडतात. पूर्वेला निघालं की वारा पाठीशी, पश्चिमेला निघालं की तोंडावर. नरडाण्याकडून सायकलवर येताना वारा समोरून असला की कसा दम निघतो, तसंच. आता 15,300 ला साडेचौदाने भागा. ताशी हजाराच्या वर वेग येतो. एवढा वेग एकट्या इंजिनांचा नव्हे बरं का, त्यात वाऱ्याचाही वाटा आहे. आणि परततानाही विमान पूर्वेकडेच निघून अटलांटिकवरून आलं, तर पृथ्वीप्रदक्षिणाच पूर्ण!

हे सगळं मी शोधत बसलो, कारण जानेवारी 2017 मध्ये आजी खूप आजारी पडली आणि माझी ताई तिकडे कॅलिफोर्नियात होती. आजी सारखी विचारायची, "पोरगी कुठवर आली रे?" समुद्राचं नाव सांगून तिला काय कळणार? मी तास सांगायचो. दिल्लीपर्यंत सोळा तास. मग मुंबईचं विमान, दोन तास. मुंबई-धुळे रस्ता 320 किलोमीटरच्या आसपास, त्याला गाडीने सात तास. (जळगावला मुंबईचं विमान सुरू झालं ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये.) मधलं ताटकळणं वेगळंच. आजी बोटांवर मोजायची आणि झोपी जायची. जागी झाली की पुन्हा, "आता किती राहिले?"

कसारा घाटात ट्रक बंद पडला होता, तिथे दीड तास गेला. मी आजीला तो हिशेबात धरून सांगितला. ताई पहाटे पोचली. आजीने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "दमली असशील. आधी चहा घे."

त्यानंतर आजी नऊ दिवस होती.