थायलंड, पण सहकुटुंब

थायलंडला जाणाऱ्या मराठी पुरुषांचे दोन प्रकार आहेत. एक थायलंडला जातो असं सांगून जातो आणि दुसरा बंगलोरला ट्रेनिंग आहे असं सांगून जातो. मी पहिल्या प्रकारात मोडत होतो. रजेचा रीतसर अर्ज, त्यात कारणाच्या रकान्यात 'सांस्कृतिक सहल', आणि सोबत धर्मपत्नी. एवढं असूनही आमच्या साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "मिसेसना माहीत आहे का?"

"त्याच नेतायत मला, साहेब."

आणि ते अक्षरशः खरं होतं. सहल हिनंच शोधली होती. ईशान्य थायलंड आणि उत्तर लाओस, बारा दिवस, विमान फक्त जातायेता, बाकी सगळं जमिनीवरून. समुद्रकिनारा नाही, मसाज नाही, खरेदीला अर्धा दिवस. म्हणजे थायलंडमधून थायलंड वजा करून जे उरतं ते. बँकेतल्या मित्रांनी हे ऐकल्यावर माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी एरवी फक्त बुडीत कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाच्या वाट्याला आलेली पाहिली आहे.

त्या ईशान्य भागाला थाई लोक म्हणतात 'ईसान'. शब्द आपलाच, ईशान. ज्या कोपऱ्यात आपण देवघर ठेवतो त्या कोपऱ्यात त्यांनी वीस प्रांत ठेवले आहेत. आमच्या गटात कोल्हापूरकडचे एक वकील होते. त्यांना ही ईशानाची गोष्ट कळली मात्र, त्यांनी प्रत्येक पाटीची उलटतपासणी सुरू केली. 'नाखोन रात्चासीमा'. "अहो, नगर राजसीमा!" 'चैयाफूम'. "जयभूमी!" 'उबोन रात्चाथानी'. "उत्पल, उत्पल राजधानी! कमळांची राजधानी हो!" 'मुकदाहान' नकाशात दिसलं तेव्हा तर ते सीटवरून उठलेच. "मुक्ताहार!" वकिलीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "घरी एवढा मुक्ताहार कधी सुचला नाही." त्यानंतर उदोन थानी येईपर्यंत वकीलसाहेब गप्प होते, मग 'उत्तरधानी' मात्र त्यांच्यानं राहवलं नाही.

फनोम रुंगचं देऊळ आधी पाहिलं. बुरीराम प्रांतात एका विझलेल्या ज्वालामुखीच्या डोक्यावर ख्मेर राजांच्या काळात, दहाव्या ते तेराव्या शतकात, बांधलेलं शंकराचं देऊळ. वर्षातून ठराविक दिवशी, एप्रिलच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरात, उगवत्या सूर्याचा किरण एका रेषेतल्या पंधरा दरवाजांतून आरपार जातो. आम्ही नोव्हेंबरात गेलो, त्यामुळे दरवाजे होते, सूर्य बाजूनं चालला होता. ते पुरातत्त्व खात्याचं तिकीट लावलेलं ठिकाण, तिथं कोणी चपला काढत नाही. हिनं काढल्या. आत नंदी आहे. हिनं त्याच्या दोन शिंगांमधून गाभाऱ्याकडे पाहिलं, दहा बाहतचं नाणं ठेवलं आणि मला म्हणाली, "नुसते उभे काय राहिलात? हात जोडा." पाठीमागे एक जर्मन जोडपं होतं. त्यांनी पण जोडले.

या देवळाच्या दारावर शेषशायी विष्णूची एक कोरीव शिळा आहे. तिला ते 'फ्रा नाराय' म्हणतात, म्हणजे नारायण. ही शिळा १९६०च्या दशकात चोरीला गेली आणि निघाली कुठं, तर शिकागोच्या कलासंग्रहालयात. थाई लोकांनी मोठी ओरड केली, आणि १९८८ साली ती परत आली. गाईडनं हे अभिमानानं सांगितल्यावर आमच्या गटातले एक निवृत्त हेडमास्तर पुटपुटले, "बघा, वीसेक वर्षं अमेरिकेत राहून नारायणसुद्धा परत आला." त्यांची दोन्ही मुलं न्यू जर्सीत आहेत. आम्ही कोणी काही बोललो नाही.

जेवणाचं थोडं विस्तारानं सांगायला हवं. आपल्याकडे नव्या सुनेची परीक्षा भातावर होते. शीत न् शीत मोकळं झालं तर घराण्याचं नाव राखलं, गिचका झाला तर माहेरचा उद्धार. ईसानात आणि लाओसात नेमकं उलटं. तिथला भात चिकट असलाच पाहिजे. त्याला 'खाओ निआओ' म्हणतात. तांदळाची जातच तशी. तो रात्रभर भिजवून बांबूच्या टोपलीत वाफवतात आणि झाकणाच्या इवल्याशा करंडीत घालून प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवतात. मग हातानं त्याचा लिंबाएवढा गोळा वळायचा, मधे अंगठ्यानं दाबायचा आणि चटणीत बुडवून खायचा. तिथली माणसं स्वतःला चिकट भाताची लेकरं म्हणवतात. ही पहिल्या दिवशी तो गोळा हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "माझ्या सासूबाईंना इथं आणायला हवं होतं." लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातला तो भात ती अजून विसरलेली नाही. मी लगेच पपईच्या कोशिंबिरीकडे विषय वळवला. ही कोशिंबीर उखळात कुटतात, फार चविष्ट असते, आणि तिच्यात मुरवलेल्या माशाचं पाणी असतं हे शाकाहारी मंडळींना सांगण्याची जबाबदारी गाईडची होती. त्यानं ती दुसऱ्या घासानंतर पार पाडली.

या गाईडकडून एक गोष्ट कळली. लाओ भाषा बोलणारी माणसं लाओसपेक्षा थायलंडमध्ये जास्त आहेत. लाओसची लोकसंख्या पाऊण कोट. ईसानात त्यांची भावंडं दोन कोटींच्या वर. १८९३ साली फ्रेंचांनी आणि सयामच्या राजानं मेकाँग नदी ही सरहद्द ठरवली आणि एका घराची दोन घरं झाली. शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांत वाटणीचा नळ असावा तशी मधे ती प्रचंड तांबूस नदी.

त्या नळावर १९९४ साली ऑस्ट्रेलियाच्या पैशानं पूल झाला. नोंग खाईहून तो ओलांडला की लाओस. थायलंडमध्ये गाड्या डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून, आणि लाओसच्या टोकाला सिग्नलवर दोन्हीकडच्या गाड्या एकमेकींना फुलीसारख्या छेदून बाजू बदलतात. शिट्टी नाही, शिवी नाही. पुण्याच्या कुठल्याही चौकात हे रोज आपोआप होतं, पण त्यासाठी कोणाला दोन देश लागत नाहीत.

पलीकडे पैसे बदलायला उभा राहिलो. लाओसचं चलन किप. एका डॉलरला सुमारे साडेएकवीस हजार. मी दोनशे डॉलर सरकवले आणि काचेपलीकडच्या मुलीनं माझ्यापुढे त्रेचाळीस लाख ठेवले. आयुष्यभर दुसऱ्यांचे लाख मोजले. स्वतःचे मोजायची ही पहिली वेळ. सवयीनं गड्डी डाव्या हातात अडकवली आणि उजव्या अंगठ्यानं सर्रकन मोजायला लागलो. ती मुलगी चमकून बघायला लागली. मग हसली, आणि काचेखालून तिनं आपला ओला स्पंज माझ्याकडे सरकवला. जगात कुठल्याही भाषेत याहून मोठा सन्मान कॅशियर कॅशियरचा करू शकत नाही.

मी गाईडकरवी तिला विचारलं, एवढे शून्य रोज सांभाळता कसे? ती म्हणाली, शून्यांचं काही नाही, २०२१च्या सुरुवातीला डॉलर साडेनऊ हजारांच्या आसपास होता, त्याची आठवण सांभाळणं कठीण. फेब्रुवारी २०२३मध्ये तिथली महागाई ४१ टक्क्यांवर गेली होती. पगार मात्र, ती म्हणाली, पायी चालत येतो. मी माझे त्रेचाळीस लाख गुपचूप खिशात कोंबले. लखपती होण्याची मजा त्यानंतर राहिली नाही. ही मात्र पुढचे आठ दिवस मला "लक्षाधीश" म्हणत होती आणि नारळपाण्याचे पैसे मलाच द्यायला लावत होती.

व्हिएन्तियान ते लुआंग प्रबांग हा घाटातला दिवसभराचा रस्ता चिन्यांनी बांधलेल्या रेल्वेनं आता दोन तासांत होतो. ही गाडी डिसेंबर २०२१मध्ये सुरू झाली. वेग उत्तम, पण निसर्गसौंदर्य आणि बोगदा यांत बोगद्याचा वाटा मोठा. "आलं" म्हणून कॅमेरा उचलावा तोवर अंधार. हेडमास्तरांकडे काळ्या फोटोंचा एक स्वतंत्र संग्रह आहे.

लुआंग प्रबांग मात्र पोट भरून पाहण्यासारखं. पहाटे साडेपाचला रस्त्यावर भगव्या वस्त्रांतले भिक्षू ओळीनं अनवाणी येतात, आणि बायका गुडघ्यांवर बसून प्रत्येकाच्या पात्रात चिमूट चिमूट चिकट भात घालतात. त्यात दहा-बारा वर्षांची पोरं पुष्कळ. खेड्यातली, गरीब घरची, शिकायला मठात ठेवलेली. आमचे आजोबा पुण्यात माधुकरी मागून शिकले. घरात त्यांचा फोटो आहे तो काळ्या कोटातला आणि पगडीतला. झोळी घेतलेले आजोबा कसे दिसत असतील ते मला त्या पहाटे पहिल्यांदा दिसलं. एक पर्यटक फ्लॅश मारत त्या पोरांच्या तोंडाशी कॅमेरा नेत होता. आमच्या वकीलसाहेबांनी त्याला अस्सल कोल्हापुरीत दोन शब्द ऐकवले. त्याला मराठी येत नसावं, पण बाजूला झाला.

संध्याकाळी राजवाड्याच्या आवारात त्यांचं रामायण पाहिलं. त्याचं नाव 'फ्रा लाक फ्रा लाम'. लाक म्हणजे लक्ष्मण, लाम म्हणजे राम. लक्ष्मण आधी! मी घरातला धाकटा. थोरल्या भावाची दप्तरं, स्वेटर आणि सायकल वापरत वाढलो. जगाच्या पाठीवर एक तरी देश आहे जिथं धाकट्याचं नाव आधी घेतात, हे कळल्यावर मला तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. हिला तसं म्हटलं तर म्हणाली, "आणि ऊर्मिलेचं नाव कितवं?"

तिथंच आमचा 'बासी' झाला. पाहुण्याच्या मनगटाला पांढरे दोरे बांधतात तो विधी. माणसाच्या शरीरात बत्तीस प्राण असतात, ते प्रवासात इकडेतिकडे भटकतात, त्यांना हाक मारून घरी बोलवायचं आणि दोऱ्यानं बांधून ठेवायचं, असं त्यामागे आहे. बत्तीस म्हटल्यावर वकीलसाहेब सरसावले. आमच्याकडे बत्तीसलक्षणी असतात, बत्तीशी असते, तेव्हा तुमचे बत्तीस कोणते ते सांगा. गाईड बोटांवर मोजायला लागला, एकोणिसाला अडकला आणि हसून म्हणाला, "बो पेन न्यांग." म्हणजे असू दे, काही बिघडत नाही. हे त्या देशाचं ब्रीद आहे. आमच्या कॅश विभागात हे चाललं असतं तर मी आज फार सुखी माणूस असतो.

लुआंग प्रबांगहून फोनसावनला बसनं डोंगरातून आठ तास लागले. आल्याच्या वड्या संपल्या, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. तिथं माळावर शेकडो दगडी रांजण उभे-आडवे पडलेले आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे, अंत्यविधीसाठी असावेत असे. २०१९ साली युनेस्कोनं त्यांना वारशाच्या यादीत घेतलं. वाटेत जमिनीत अर्धे लाल अर्धे पांढरे दगडी ठोकळे रोवलेले होते. पांढऱ्या बाजूनंच चालायचं, गाईड म्हणाला. ती बाजू साफ केलेली आहे. साफ म्हणजे बॉम्ब काढलेली.

१९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेनं या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. लढाई जाहीरसुद्धा केलेली नव्हती. सरासरी दर आठ मिनिटांना एक विमानभर, दिवसरात्र, नऊ वर्षं, असं सांगतात. मला आकडा दिला की ताळा घेतल्याशिवाय चैन पडत नाही. तिकिटाच्या पाठीमागे मांडलं. आठ मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला १८०. नऊ वर्षांचे दिवस ३,२८५. गुणाकार ५,९१,३००. पुस्तकात विमानफेऱ्यांचा आकडा होता ५,८०,०००. फरक ११,३००चा. चार आण्यांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बँकेत बसलेला मी माणूस. हा फरक तसाच सोडून दिला.

आणि त्यांतली बरीच विमानं उदोन थानीहून उडत होती. तो तळ आम्ही पाच दिवसांपूर्वी पाहिला होता, म्हणजे त्याच्या कुंपणावरून जाताना 'उत्तरधानी'वर हसलो होतो. गुच्छबॉम्बमधून टाकलेले चेंडूएवढे सत्तावीस कोटी गोळे, त्यांतले आठेक कोटी फुटलेच नाहीत. ते शेतात आहेत. लढाई संपल्यापासून वीस हजारांवर माणसं त्यांनी मेली किंवा लुळी झाली. कुदळ मारताना, शेकोटी पेटवताना, मुलं चेंडू समजून खेळताना. ही पुढे चालत होती. मागे न बघता म्हणाली, "अहो, पांढऱ्यातून चाला." एवढ्या वर्षांत तिचं ऐकून इतकं तंतोतंत मी कधीच चाललो नव्हतो.

जवळच्या एका गावात त्या बॉम्बांचं आणि पडलेल्या विमानांचं अ‍ॅल्युमिनियम वितळवून चमचे ओततात. अंगणात चूल, लाकडाचा साचा, आणि एक बाई मिनिटाला एक चमचा काढत होती. साचा उघडला की चकचकीत चमचा खाली पडे आणि बाई दुसऱ्याच्या तयारीला लागे. हिनं दोन घेतले. लुआंग प्रबांगच्या बाजारात एका उपरण्यासाठी अर्धा तास घासाघीस करणारी बाई, इथं सांगितला भाव मोजून दिला, आणि मग गाईडला विचारायला लावलं, "यानं आमटी ढवळली तर चालेल का?"

चमचेवाली हसून हो म्हणाली. पण हिचं समाधान झालं नाही. आमच्या आमटीत आमसूल असतं, आणि अ‍ॅल्युमिनियमला आंबट लागू द्यायचं नसतं हे हिला आईनं शिकवलेलं आहे. तेव्हा एक चमचा हेडमास्तरांना दिला, आणि दुसरा सध्या आमच्या साखरेच्या डब्यात असतो.