नसलेल्या देशाचा नकाशा

गेले तीन शनिवार रिलीजने खाल्ले. आज लॅपटॉपचं झाकण उघडलंय ते फक्त हे लिहायला. गोष्ट तशी जुनी, २०२४ च्या उन्हाळ्यातली, पण डोक्यातून जात नाहीये. एकदा लिहून टाकली की सुटेन, असा अंदाज आहे.

तर मंडळी, आमचा एक वाचनकट्टा आहे. त्याला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. आम्ही सातजण महिन्याच्या शेवटच्या रविवारी भेटतो. एकदा बारामतीत, एकदा इंदापुरात. मधे पन्नासेक किलोमीटर रस्ता आणि दोन्ही बाजूंना ऊस. एकाने पुस्तक सुचवायचं, बाकीच्यांनी वाचायचं (किंवा वाचल्याचा आव आणायचा), आणि मग चहा-भज्यांवर त्याची चिरफाड करायची, एवढाच कार्यक्रम.

त्या एप्रिलमध्ये पुस्तक सुचवायची पाळी माझी होती. मी सुचवलं टोल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. म्हणजे मुग्धा कर्णिकांनी केलेला मराठी अनुवाद, 'स्वामी मुद्रिकांचा'. तीन जाडजूड भाग आहेत. मी दयाळूपणे फक्त पहिला भाग वाचायला सांगितला. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मी मूळ इंग्रजी पुस्तक तीन वेळा वाचलेलं, त्यामुळे चर्चेत आपणच तज्ज्ञ असणार याची खात्री होती. खोटं कशाला बोला, पुस्तक सुचवण्यामागे अर्धा हेतू तोच होता.

बारामतीच्या बैठकीत पहिली तोफ बँकवाल्या दादांनी डागली. दादा एका बँकेत शेतीकर्ज बघतात आणि वाचतात फक्त ग्रामीण कादंबऱ्या. "चाळीस पानं वाचली. बुटके लोक वाढदिवस साजरा करतायत. अरे, आपल्याकडे माणसं टँकरची वाट बघतायत, धरण तळाला गेलंय, आणि आपण पऱ्या नि जादूच्या अंगठ्या वाचायच्या? ही पळवाट आहे झालं!"

ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला असलेली आमच्यातली सगळ्यात धाकटी मेंबर तडक उठली. ती हॅरी पॉटर मराठीतून वाचून मोठी झालेली. "दादा, तुमच्या कादंबऱ्यांत दर वेळी दुष्काळ पडतो आणि शेवटी कुणीतरी मरतं. ते वाचून टँकर लवकर येतो का?" पहिला राउंड तिचा.

मग गुरुजींनी घसा खाकरला. निवृत्त मराठीचे शिक्षक, त्यामुळे घसा खाकरला की आपोआप शांतता होते. गुरुजी म्हणाले, "ज्या गावात बसून तुम्ही हे बोलताय, त्या गावात मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. त्यातलं एक तर ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं, निरोष्ठ. त्यात वानर समुद्रावरून उडतो. त्याला कुणी पळवाट म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नाही."

"ते वेगळं, गुरुजी. तो धर्म झाला."

"बरं, मग वीरधवल घ्या."

आमच्यातल्या चौघांनी 'वीरधवल' हे नावही ऐकलेलं नव्हतं. (त्या चौघांत मी होतो. तज्ज्ञ!) गुरुजींनी सांगितलं ते असं. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे लेखक नाथमाधव, ऐन तारुण्यात शिकारीसाठी सिंहगडावर गेले असताना कड्यावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर लुळं पडलं. अंथरुणावर वाचनाचा नाद लागला, त्यातून लिखाण सुरू झालं, आणि १९१३ साली त्यांची 'वीरधवल' आली. अद्भुतरम्य, साहसांनी ठासून भरलेली. मराठीतला हा प्रकार त्याहूनही जुना आहे. १८६१ मध्ये हळब्यांची 'मुक्तामाला', १८६८ मध्ये रिसबुडांची 'मंजुघोषा'. म्हणजे मराठी कादंबरी रांगायला लागली तीच मुळी अद्भुताच्या अंगणात.

"ज्याला उठून दारापर्यंत जाता येत नव्हतं, त्यानं ती लिहिली," गुरुजी म्हणाले. "आता त्याला पळवाट म्हणायचं का, हे दादांनी ठरवावं."

मलाही राहवलं नाही. मी सांगितलं, की टोल्किनने १९३९ च्या एका व्याख्यानात नेमका हाच मुद्दा घेतला होता. कैद्याने तुरुंगाबाहेर पडायची इच्छा धरणं आणि शिपायाने लढाई सोडून पळणं, या दोन गोष्टी टीकाकार एकाच मापाने मोजतात, अशी त्याची तक्रार होती. आणि बोलणारा माणूस स्वतः १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत खंदकात होता, जवळचे मित्र त्या युद्धात गमावून बसलेला.

दादा म्हणाले, "मुद्दा चांगला आहे. पण पुस्तक मला अजून कंटाळवाणं वाटतंय." यावर काय बोलणार? सभा बरखास्त.

मेची बैठक इंदापुरात, माझ्या काकांच्या घरी होती. आज्जी काकांकडेच असते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, कान तल्लख, गुडघे गेलेले. आम्ही पडवीत बसलेलो आणि ती कोपऱ्यात सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत बसलेली. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. त्या दिवसांत रोज पेपरात उजनीचा आकडा येत होता, उणे पन्नासच्याही खाली. मेडिकल दुकानवाल्या मित्राने मला विचारलं, "तू इंजिनिअर ना? टक्केवारी उणे कशी काय होते?"

मला पूर्वी खरंच तो बग वाटायचा. पण त्यात तसं काही नाही. उजनीची क्षमता साधारण ११७ टीएमसी. त्यातला तळाचा ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा, आणि त्यावरचा ५३.५७ उपयुक्त साठा. शून्य मोजायला सुरुवात होते ती मृतसाठ्याच्या वर. त्यामुळे पाणी त्या रेषेखाली गेलं की आकडा उणे. म्हणजे धरण 'शून्य' असतं तेव्हाही पोटात निम्म्याहून जास्त पाणी असतंच. हे सगळं मी मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. मृतसाठ्याखाली आणखी काय काय आहे, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

मग चर्चा नकाशावर आली. अद्भुत कादंबरी म्हटली की नकाशा हवाच. डोंगर, नद्या, अंधारी जंगलं, सगळं रेखलेलं. ॲग्रीवाली पुस्तकातला नकाशा पसरून सगळ्यांना प्रवासाचा रस्ता दाखवत होती. आज्जी मान उंच करून बघायला लागली.

"कशाचा नकाशा हाय रं त्यो?"

"अगं आज्जी, गोष्टीतल्या देशाचा. खरा नाहीये तो देश. लेखकाने मनाने काढलाय."

आज्जीने एक शेंग फोडली. दाणे सुपात, टरफल खाली. "नसलेल्या देशाचा नकाशा काढत्यात. आमचं गाव तर व्हतं, त्येचा कुनी काढला न्हाय."

पडवीत कुणीच काही बोलेना.

आज्जी पळसदेवची. जुन्या पळसदेवची, जे १९८० च्या सुमारास उजनीच्या पाण्याखाली गेलं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, म्हणजे आपला रक्तगट माहीत असतो तसं. पुणे-सोलापूर हायवेवर नवं पळसदेव लागतं. तिथून जाताना दर वेळी कुणीतरी "आपलं गाव तिकडं पाण्यात आहे" म्हणायचं, आणि मी मोबाइलमधून मान वर करून "हो का" म्हणायचो. गोंडोरच्या राजांची वंशावळ मला क्रमाने पाठ. आज्जीच्या गल्लीत कोण राहायचं, हे मात्र मी एकदाही विचारलेलं नव्हतं.

विचारलं ते दादांनी. "आज्जी, देऊळ कुठल्या अंगाला होतं?"

आज्जीने सूप बाजूला सारलं आणि टरफलांची मूठ घेतली. एक टरफल मधे. "ह्ये पळसनाथाचं देऊळ. ह्या अंगाला नदी, भीमा. हितनं घाट." मग एकेक टरफल फरशीवर बसायला लागलं. पेठ. चावडी. पिंपळ. गोड्या पाण्याचा आड. मचूळ पाण्याचा आड. दादांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्याच प्रिंटआउटच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवून घ्यायला लागले. आज्जी मधेच त्यांना थांबवायची, "न्हाय साहेब, आड अजून अलीकडं घ्या, नायतर घागर आणस्तवर मी मेले असते की!"

मी आपलं ज्ञान पाजळायचं म्हणून सांगितलं, की टोल्किनला आयुष्यभर एक स्वप्न पडायचं. प्रचंड लाट येते आणि हिरवागार मुलूख गिळून टाकते. त्याच स्वप्नातून त्याने बुडालेल्या न्यूमेनॉरची कथा रचली, आणि तिसऱ्या भागात ते स्वप्न फारामीर नावाच्या पात्राला देऊन टाकलं.

आज्जी नीट ऐकून म्हणाली, "लाट न्हाय येत, बाळा. पानी गुमान येतं. आज घाटाच्या पायरीवर, चार दिसांनी पाराशी. मानूस रोज जाऊन बघतं आन् म्हनतं, आज काय लई चढलं न्हाय."

कट्ट्यावर आजवर झालेली सगळ्यात नेमकी समीक्षा ही. गुरुजींनी सुद्धा घसा खाकरला नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही पाचजण आज्जीला घेऊन पळसदेवला गेलो. पाणी इतकं उतरलेलं, की देवळापर्यंत चालत जाता येत होतं. एरवी फक्त शिखर वर राहतं, किंवा तेही नाही. आता अख्खं दगडी देऊळ उघडं, भोवती भेगाळलेला गाळ, कडेला कोरड्यात टेकलेल्या होड्या. फोटो काढायला आलेल्यांची जत्रा होतीच. देव मात्र तिथे नाही, तो गाव उठतानाच वर नव्या गावात आणलेला.

आज्जी गाडीतून उतरली, काठावर बाभळीखाली बसली आणि म्हणाली, "तुमी जावा. मी न्हाय येत." गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. आम्हीही ते निमित्तच धरलं.

मी आणि दादा खाली गेलो. दादांच्या हातात तो टरफलांवरून काढलेला नकाशा. पण समोर सगळं सपाट. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा गाळ. शेवटी मी आज्जीला फोन लावला.

"आज्जी, देवळासमोर उभा आहे."

"दाराकडं पाठ कर. आता उजव्या हाताला चाल. चाल, सांगते मी."

जीपीएसवर रोज हिंजवडी गाठणारा मी, त्या दिवशी आज्जीच्या आवाजावर चाललो. इथे पार. इथे वळ. आता पेठ, सरळ जा. आड उजवीकडे सोड. दादा शेजारून नकाशावर बोट ठेवत चाललेले. एका जागी आज्जी म्हणाली, "थांब. आता काय दिसतंय?"

"काही नाही गं. गाळ आहे."

"उंबरा?"

"नाही."

फोनवर थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग ती म्हणाली, "बरोबर हाय. तितंच."

मी तिथे उभा राहून काठाकडे पाहिलं. बाभळीखाली एक ठिपका दिसत होता. मी हात हलवला. तिला दिसला की नाही, कोण जाणे. तिने नंतर सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

परतीच्या रस्त्यावर दादा म्हणाले, "तुझं ते पुस्तक मला अजून पटलेलं नाही. पण दुसरा भाग दे." तो नकाशा आता माझ्या तिसऱ्या भागात शेवटी ठेवलाय, मध्य-पृथ्वीच्या नकाशाला लागून. आडाची जागा आज्जीने नंतर आणखी दोनदा बदलायला लावली, त्यामुळे खाडाखोड पुष्कळ आहे.

ऑगस्टमध्ये पाऊस जोरात झाला आणि उजनी भरलं. पेपरात उणे जाऊन शंभर टक्के आलं. मी फोन केला तेव्हा तिने पहिलं तेच विचारलं, "किती झालं?"

"शंभर टक्के, आज्जी. देऊळ परत पाण्यात गेलं."

"जाऊंदे," आज्जी म्हणाली. "उसाला पानी मिळल आता. काकाला सांग, लागण करून घे म्हनावं."

असो. चहा केव्हाच गार झालाय. ह्या महिन्यात पाळी गुरुजींची आहे, आणि पुस्तक आहे 'वीरधवल'.