मशीन आईचे, खुर्ची माझी

खुर्चीवरून भांडणे व्हायची ती विधानसभेत, किंवा फार तर हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत, असा माझा आजवरचा समज होता. यंदाच्या श्रावणात ते भांडण आमच्या घरातच झाले, आणि त्यातली उमेदवार मी स्वतः होते. वय वर्षे 71.

निमित्त झाले गोधडीचे. नाशिकच्या लेकीला दिवस गेलेले. दिवाळीच्या आसपास बाळंतपण. बाळंतविड्यातली झबली, टोपडी, दुपटी आता दुकानांत हवी तशी मिळतात; पण गोधडी विकत आणायला माझे मन घेईना. माझ्या ट्रंकेत आईची पाच जुनी पातळे होती. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. नव्या कापडाला ते मऊपण चार पैसे जास्त देऊनही येत नाही. त्याला वर्षांची धुणीच लागतात. पणजीच्या पातळांत पणतू निजावा, एवढाच माझा हट्ट.

पण गोधडी शिवायची म्हणजे जमिनीवर बसणे आले. आई कशी शिवायची ते अजून डोळ्यांपुढे आहे. दुपारची झाकपाक झाली की गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत ती थर अंथरायची, चारी कडा दुमडून घ्यायची आणि मग त्या गोधडीवरच बसून काठाकाठाने धावदोरा घालीत, चौकोनामागून चौकोन, आत आत यायची. माझ्या गुडघ्यांच्या डॉक्टरांनी मात्र बजावले होते, ‘आजी, खाली बसणं बंद.’ तेव्हा मशीन हवे, असे ठरले.

मुलगा, सून आणि मी अशी वरात ठाण्यातल्या एका दुकानात गेली. जाताना मी एक शहाणपणा केला. एका पातळाची पाच पदरी, वीतभर चौकोनी घडी टाचून पिशवीतून बरोबर नेली. दुकानात मशीन चालवून दाखवतात ते नेहमी एका पातळ चिंधीवर. त्यावर कुठलेही मशीन हरणासारखे पळते. खरी परीक्षा पाच पदरांवर. पहिले मशीन दिसायला फार देखणे होते. ढीगभर नक्ष्या, बटणे, वर एक चिमुकला पडदा. पण माझी घडी पुढे सरकवताच ते जागच्या जागी नाचू लागले आणि दोन टाके घालून एक चुकवू लागले. सूनबाई हसू दाबीत म्हणाली, ‘‘आई, तुम्ही त्याची तोंडी परीक्षाच घेतलीत!’’

दुकानदार भला माणूस. गिऱ्हाइकाला काय विकायचे यापेक्षा काय शिवायचे आहे हे त्याने आधी विचारले. त्याच्याकडून मी जे शिकले ते तुम्हालाही सांगून ठेवते, उपयोगी पडेल. जाड कामाला मशीन वजनदार हवे. हलके मशीन थरथरते. रोजच्या शिवणाला 14 नंबरची सुई चालते, पण गोधडीला 16 किंवा 18 ची. टाका लांब ठेवायचा, तीन-चार मिलिमीटरचा, म्हणजे गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होत नाही. मशीनचे खालचे दाते फक्त खालचा पदर पुढे ओढतात, वरचा मागे रेंगाळतो आणि चुण्या पडतात. म्हणून वरूनही कापड पुढे नेणारा एक वेगळा फूट मिळतो, तो घ्यायचा. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुईपासून मशीनच्या खांबापर्यंतची जागा. घरगुती मशीनला ती साडेसहा-सात इंच असते. मोठ्या माणसाची गोधडी गुंडाळून एवढ्या जागेतून न्यायची म्हणजे गादी खिडकीतून आत घेण्यासारखेच. बाळाची तीन फुटी गोधडी मात्र त्यातून सहज जाते.

शेवटी तो म्हणाला, ‘‘आजी, घरी जुनं लोखंडी मशीन नाही का कुणाचं?’’

होते की! आईचे. 1962 साली हप्त्याने घेतलेले उषाचे पायमशीन. काळेभोर, वर सोनेरी वेलबुट्टी. डोंबिवलीला माझ्या भावाकडे त्याच्या टेबलावर आजवर कुंड्या नांदत होत्या. मशीन सुटे करून टेम्पोतून आणले. कारागिराने दोन दिवस रॉकेलने आणि तेलाने त्याची सेवा केली, नवा पट्टा घातला, आणि माझ्या गुडघ्यांची दया येऊन पायट्याच्या जागी एक छोटी मोटर जोडून दिली. पाच पदरी घडी खाली सारली तर गडी हूं की चूं न करता पार गेला. मोटर, मजुरी आणि तो फूट धरून खर्च नव्या मशीनच्या पाव हिश्शानेही नव्हता. आमचे ‘हे’ फार खूश झाले.

त्यांची ही खुशी चारच दिवस टिकली. कारण पाचव्या दिवशी खुर्चीचा प्रश्न निघाला.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून मी शिवायला बसले होते. दोन दिवसांत मान धरली, कमरेत उसण भरली. उशी घेतली, उशीने उंची वाढली तर पाय अधांतरी. सूनबाई कॉम्प्युटरवर काम करणारी, तिच्या कचेरीत या विषयावर व्याख्यान झाले होते म्हणे. ती टेप घेऊन आली आणि शिंप्याने माप घ्यावे तशी तिने माझी मापे घेतली. कोपर मशीनच्या पाट्याच्या उंचीला यावे, म्हणजे खांदे वर ओढले जात नाहीत. जुन्या मशीनचे बरे असे, की ते टेबलातच बसवलेले; नवे मशीन टेबलावर ठेवले तर पाटा आणखी तीन-चार इंच वर जातो. तळवे पूर्ण टेकावेत. ते टेकत नसतील तर पायाखाली काही घ्यावे. कमरेच्या वळणाला मागून आधार हवा. हात नसलेली खुर्ची बरी, नाही तर ते टेबलाला आपटतात. आणि गुळगुळीत फरशीवर चाकांची खुर्ची नको. पेडल दाबले की आपणच मागे जातो.

अशी खुर्ची बाजारात मिळते. किंमत ऐकून हे म्हणाले, ‘‘अगं, मशीनला लागले त्याच्या तिप्पट? मग त्या सहा खुर्च्या काय उन्हात वाळत घालायच्या?’’

खरे सांगायचे तर विरोधी पक्षात हे एकटे नव्हते. मीही होते. मशीनवर पैसे घालायला माझा हात आखडला नव्हता, मशीन कामाचे. पण खुर्ची? स्वतःच्या बसण्यासाठी एवढा खर्च? ‘‘राहू दे गं,’’ मी सूनबाईला म्हणाले, ‘‘एका गोधडीसाठी कशाला? एखादं स्टूल चालेल मला.’’

‘स्टूल’ हा शब्द तोंडातून गेला आणि मी गप्प झाले.

आमच्या गिरगावच्या घरात एक आरामखुर्ची होती. वेताची, लांब हातांची. ती वडिलांची. कचेरीतून आले की ते तीत बसत. पाहुणे आले तर पाहुण्यांना मान. मशीन आले तेव्हा पेढे वाटले, हळदकुंकू वाहिले. पण त्याच्यापुढे बसायचे कशावर, याचा विचार कुणी केला नाही. माळ्यावरचे एक स्टूल काढले गेले. त्याला पाठ नव्हती आणि चौथा पाय आखूड होता. त्या स्टुलावर बसून आईने चाळीतल्या निम्म्या बायकांची पोलकी शिवली. आम्हा तिघा भावंडांची फी त्यातून गेली. मी नऊ वर्षांची असताना एकदा त्या डुगडुगत्या पायाखाली जुन्या पोस्टकार्डाची घडी घातली होती. आईला एवढा आनंद झाला, की तिने तो पराक्रम शेजारच्या काकूंना बोलावून दाखवला. ‘‘माझ्या लेकीनं बघा कसं पक्कं करून दिलं!’’

पुढे ती वाकली. साठीतच वाकली. आम्ही म्हणत असू, वयच झाले आता. वडील गेल्यावर मी एकदा तिला म्हटले, ‘‘आई, आता तरी आरामखुर्चीत बैस गं.’’ ती म्हणाली, ‘‘मला नाही बाई जमत मागे रेलायला. सवय नाही.’’ रोज सकाळी ती खुर्ची पुसायची मात्र. 1994 साली ती गेली तोवर आमच्यापैकी कुणी खुर्ची आणली नव्हती. मी कमावती होते. मनात आणते तर आणू शकले असते. तिला पातळे घेतली, मिक्सर घेतला, काशीयात्रा घडवली. खुर्ची सुचलीच नाही. तिच्या बसण्यासाठी मी आयुष्यात काय केले, तर ती पोस्टकार्डाची घडी.

गांधीजी यंत्रांचे टीकाकार. पण 1924 साली त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला त्यातून वगळले होते. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते बनवले, त्यामागे प्रेम होते, असे त्यांचे म्हणणे. ते मी पूर्वी वाचले होते आणि मला फार आवडले होते. आता वाटते, त्या गोष्टीतही खुर्ची नाहीच. हाताचे कष्ट दिसतात, पाठीचे दिसत नाहीत. कारण पाठ आपल्याकडे नसते, भिंतीकडे असते.

रात्री जेवताना मी हे सगळे यांना सांगितले. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात उभे. ‘‘चल, खुर्ची बघून येऊ.’’

दुकानात चारचौघांसमोर खुर्चीत बसून बघायचे म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी आपली कडेवर टेकले, पाहुण्यांकडे बसावे तशी. दुकानातला पोरगा म्हणाला, ‘‘पाठ टेका, आजी. पाठ टेकल्याशिवाय खुर्ची कळत नाही.’’ मी मागे सरकले. कमरेशी आधार आला. आणि माझ्या ध्यानात आले, की हातात काम असताना पाठ टेकायची असते हे मला एकाहत्तर वर्षांत कुणी सांगितले नव्हते, आणि मीही कुणाला सांगितले नव्हते.

खुर्ची आली. एक इंच उंचच पडली, म्हणून पायाखाली देवघरातला जास्तीचा पाट आला. गोधडीचे तुकडे जोडले आणि काठ घातले ते मशीनवर. आतला धावदोरा मात्र मी हातानेच घातला, त्याच खुर्चीत बसून, गोधडी मांडीवर घेऊन. आईसारखाच काठाकडून आत आत. मशीनचा टाका पक्का, हाताचा टाका मऊ. बाळाला दोन्ही हवेत. शेवटची गाठ मारली तेव्हा कमरेतून कळ आली नाही, याचेच मला नवल वाटले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बहुधा गोधडीचा मालक किंवा मालकीण आलेली असेल. हे अधूनमधून माझ्या खुर्चीत पेपर वाचताना सापडतात, मी उठवते.

परवा रात्री अकरा वाजता पाणी प्यायला उठले, तर सूनबाई पलंगावर मांडी घालून, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन, वाकून काम करीत होती. मला मापे शिकवणारी हीच! मी तिला हाताला धरून उठवले आणि माझ्या खुर्चीत नेऊन बसवले. ती कडेवरच टेकली.

‘‘पाठ टेक,’’ मी म्हटले.