जयंतीचा भोंगा कुणाच्या मालकीचा?

मार्च संपत आला की आपल्याकडे एक वाद ठरल्याप्रमाणे सुरू होतो. जयंतीत डीजे असावा की नसावा? एक गट म्हणतो, नाचून नव्हे, वाचून मोठे व्हा. दुसरा म्हणतो, वर्षभर राबणारा माणूस एक दिवस नाचला तर तुमचं काय जातं? दोन्ही बाजू मी अनेकदा ऐकल्या आहेत आणि दोन्हींत थोडंथोडं तथ्य आहे. पण या वादात एक प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. तो भोंगा कुणाचा? ट्रॉलीवर रचलेले बेस, जनरेटर, ट्रस, लाइट, एलईडी पडदा, स्टेजचं प्लाय, मंडपाच्या खुर्च्या, या सगळ्याचं भाडं कुणाच्या खिशात जातं?

आमच्या वस्तीतल्या मंडळाच्या जमाखर्चाच्या तीन वर्षांच्या वह्या मी मागून घेऊन वाचल्या. समाजशास्त्रात एम.ए. केलं तेव्हापासून ही खोड लागली आहे. भाषणापेक्षा पावती जास्त बोलते. वर्गणी देणारे कोण? धुणीभांडी करणाऱ्या आयाबाया, सफाई कामगार, रिक्षावाले, चार-दोन नोकरदार. खर्च कशावर? शंभर रुपयांतले साठाहून जास्त साउंड, स्टेज, लाइट आणि मंडपावर. चारही पुरवठादार वस्तीबाहेरचे. वस्तीत राहिला तो पैसा म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बायांची मजुरी आणि गायन पार्टीचं मानधन. आणि गंमत अशी, की त्या बाहेरच्या साउंडवाल्याच्या गाडीवरून बेस उतरवणारी, केबल ओढणारी, रात्री दोनला सगळं पुन्हा गाडीत चढवणारी पोरं आपलीच.

त्यांतलाच एक. सहा वर्षं हेल्पर होता. मिक्सर कसा लावायचा, माइक शिट्टी का मारतो, कोणत्या हॉलमध्ये आवाज घुमतो, हे त्याला मालकापेक्षा जास्त कळत होतं. त्याने आमच्या अभ्यासिकेतल्या तिघांना जमवलं: आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, ऑक्टोपॅड वाजवणारा आणि भीमगीतं गाणारी बी.कॉम. मुलगी. स्वतःचं साउंड आणि कार्यक्रम घेण्याचं काम सुरू करायचं, असं ठरलं. कागदपत्रांसाठी ते माझ्याकडे आले. तेव्हापासून मी या धंद्याकडे जवळून पाहते आहे.

पहिला अनुभव बँकेचा. मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नसतं, हे योजनेतच आहे. साहेबांचा पहिला प्रश्न, “तारण काय देणार?” दुसरा, “राहता कुठे?” वस्तीचं नाव ऐकल्यावर तिसरा प्रश्न आलाच नाही, फाइल बाजूला गेली. पुढच्या खेपेला मी योजनेच्या नियमांची छापील प्रत नेली आणि नकार असेल तर कारणासह लेखी द्या, एवढंच म्हटलं. लेखी नकार द्यायला कुणी तयार नसतं. मागितले होते 6 लाख, मिळाले 3.

तीन लाखांत डीजे उभा राहत नाही. म्हणून त्यांनी भाषणाला पुरेल असा सेट घेतला: दोन टॉप, दोन बेस, छोटा मिक्सर, चार कॉर्डलेस माइक. मोठी ऑर्डर आली तर उरलेलं सामान दुसऱ्याकडून भाड्याने उचलायचं. या धंद्यात पडू पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे सांगते, कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर 14 एप्रिलची रात्र असते. ती रात्र वर्षातून एकदा येते. कर्जाचा हप्ता बारा वेळा येतो. फेब्रुवारीतल्या रमाई जयंतीपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत हातात पैसा खेळतो, पुढे पावसाळाभर माल ताडपत्रीखाली. तेव्हा जगवतात ती कुणाला न दिसणारी कामं: बौद्ध पद्धतीची लग्नं, शाळेचं स्नेहसंमेलन, बचत गटाचा मेळावा, कॉर्नर सभा, पुण्यानुमोदन. “मरणाला सीझन नसतो ताई,” असं आमचा माजी हेल्पर म्हणतो, आणि त्याच्या वहीत ते खरं ठरलेलं दिसतं.

पावसाळा संपता संपता गणपती येतात. घ्यायची का ऑर्डर? या एका प्रश्नावर चौघांत आठ दिवस बोलणं बंद होतं. बावीस प्रतिज्ञा एकीकडे, हप्ता दुसरीकडे. इलेक्ट्रिशियन म्हणाला, वायरिंग म्हणजे पूजा नाही, मी वीज जोडतो, आरती करत नाही. गायिका म्हणाली, मी त्या स्टेजवर गाणार नाही, तुम्ही तुमचं बघा. शेवटी असं ठरलं, की लाइट आणि जनरेटर द्यायचा, आपली गायन पार्टी द्यायची नाही. मला हा तोडगा पूर्ण पटलेला नाही. पण धम्मात सम्यक आजीविका सांगितली आहे आणि तिची कसोटी आपल्या कामाने कुणाचं अहित होतं का, ही आहे. त्या कसोटीवर लाइटचं काम नापास करायला माझ्याकडे पुरेसं कारण नव्हतं. पगारी नोकरीत बसून दुसऱ्याच्या पोटावर निर्णय देणं सोपं असतं, हेही खरं.

बाहेरच्यांकडून भाड्याचा पैसा वसूल होतो, उशिरा का होईना. थकतो तो आपल्यांकडून. आपल्या समित्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: “समाजाचं काम आहे, पैशाचं काय घेऊन बसलात?” हे वाक्य मंडपवाल्याला कुणी ऐकवत नाही. त्याला आगाऊ रक्कम जाते. ऐकवलं जातं ते गायकाला, ढोलकीवाल्याला, आपल्या साउंडवाल्या पोराला. ‘मानधन’ हा शब्दच बघा. त्यात मान आधी आहे आणि धन मागून. बऱ्याचदा मान देऊन झाला की धन विसरलं जातं. मजुरी म्हटलं तर ती मागता येते, मानधन मागणारा लोभी ठरतो. आमच्या गायिकेला एका गावात चार तास गाण्याचे दीड हजार, एक शाल आणि पुष्पगुच्छ मिळाला. परतीची गाडी कुणाच्या गावी नव्हती. रात्री साडेबाराला ती आणि ऑक्टोपॅडवाला टेम्पोत बेसच्या खोक्यांवर बसून आले.

1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. महार वतनावरचा त्यांचा आक्षेप काय होता? कामाला वेळेची मर्यादा नाही, कामाचं मोजमाप नाही आणि मोबदला इतका तुटपुंजा की तो मोबदला म्हणूच नये. काम ठरलेलं असावं आणि त्याचा पैसा ठरलेला असावा, यासाठी ते भांडत होते. आता आपल्या समितीचं “समाजाचं काम आहे” हे वाक्य त्या शेजारी ठेवा. किती तास गायचं, ठरलेलं नाही. किती मिळणार, ठरलेलं नाही. नाही म्हटलं तर गद्दार. ज्या व्यवस्थेतून बाहेर पडायला आपल्या आजोबा-पणजोबांनी बहिष्कार सोसले, तिचाच हिशेब आपण निळ्या पताकांखाली चालवतो आहोत.

कुणी म्हणेल, जलशाच्या शाहिरांनी कुठे पैसे मागितले? भीमराव कर्डकांच्या आणि त्या काळच्या इतर आंबेडकरी जलशांनी 1930 च्या दशकात तमाशाचा साचा घेऊन त्यातली गवळण बाजूला सारली आणि स्टेजवर प्रबोधन आणलं. त्यांच्या त्यागाबद्दल दुमत नाही. पण त्याग करणारा स्वतः ठरवतो. दुसऱ्याने ठरवला तर त्याला वेठ म्हणतात. आणि कलावंताला पैशाचं न विचारणाऱ्या समाजात काय होतं, हे विठाबाई नारायणगावकरांच्या आयुष्यात दिसलं आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या बाईची अखेरची वर्षं हलाखीत गेली. आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं.

चेन्नईत पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरने 2017 मध्ये ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभं केलं. चेन्नईच्या वस्त्यांतलं गाना संगीत आणि परई वाद्य त्यांनी रॉक बँडच्या शेजारी आणलं. परई म्हणजे आपल्या हलगीसारखंच, मयताला वाजवण्याची सक्ती ज्यांच्यावर होती त्यांचं वाद्य. 2020 च्या डिसेंबरपासून त्यांनी ‘मार्गळियिल मक्कळिसै’ हा महोत्सवही सुरू केला, तोही कर्नाटक संगीताच्या सभांचा म्हणून मिरवल्या जाणाऱ्या मार्गळी महिन्यात. वाद्य तेच, पण बोलावणारा आता पाटील नाही. आपल्याकडे गायक आहेत, गीतकार आहेत, ऐकायला मैदान भरून लोक आहेत. महोत्सव भरवणारी आपली संस्था कुठे आहे?

गाण्याच्या हक्काचंही असंच. मुलगी गाणं लिहिते, चाल लावते, कुणीतरी कॅसेट कंपनीच्या जुन्या सवयीने एका कागदावर सही घेतो आणि पाच हजार हातावर ठेवतो. यूट्यूबवर ते गाणं लाखो लोक ऐकतात, पैसा चॅनलवाल्याला. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी आणि सही करूनच देता येतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार आणि संगीतकार यांना आपला रॉयल्टीचा वाटा सही करूनही सोडून देता येत नाही. हे माहीत नसलेला गीतकार “कायमस्वरूपी सर्व हक्क” असं वाचून गप्प बसतो. वामनदादांनी हजारो गीतं लिहिली, आपण ती तोंडपाठ म्हणतो. त्यांतल्या किती गाण्यांचा पैसा त्यांच्या घरी पोचला असेल, हे ज्याने त्याने स्वतःच्या मनात मोजावं.

आता थोडं आपल्या नव्या मालकांबद्दलही. आमच्या चौघांनी दुसऱ्या वर्षी दोन हेल्पर ठेवले, वस्तीतलेच. पहिल्याच सीझनला एकाची दहा दिवसांची मजुरी “नंतर बघू” म्हणून लटकली. मी बैठकीत 1938 च्या मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेची आठवण काढली, जिथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू सांगितले होते. सगळे हसले, “ताई, तीन लाखांची कसली भांडवलशाही?” असं म्हणाले, पण मजुरी त्याच संध्याकाळी दिली.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद, हा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार 12 पर्यंत सूट देऊ शकतं. त्या यादीत आपला दिवस आहे का, हे समितीच्या तोंडी भरवशावर सोडू नका. परवानगी मंडळाच्या नावाने असते, पण जप्त होतं ते साउंडवाल्याचं सामान. तात्पुरती वीजजोडणी कोण घेणार, पाऊस आला तर अर्धी रक्कम कुणाची, जेवण कुणाकडे, हे इसार घेतानाच लिहून घ्या. ओळखीच्या माणसाकडून तर नक्कीच.

असा करार मी मराठीत तयार केला आहे, दोन पानांचा. आतापर्यंत तीन मंडळांनी त्यावर सही केली, एकाने रागावून ऑर्डर रद्द केली. ज्या गायन पार्टीला किंवा साउंडवाल्याला हवा असेल त्याने मागून घ्यावा, नाव-गाव बदलून वापरावा. फक्त सातवं कलम खोडू नये. ते गायिकेच्या परतीच्या गाडीचं आहे.